पन्नाशीपुढची बाई कुणाच्या हिशेबात?

(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी इथल्या महिला मेळाव्यातलं भाषण)



बैठकीला येताना घरातल्या गोळ्या घेऊन या, असं मी बायांना सांगते. पिशव्यांतून काय काय निघतं! कॅल्शियम, लोह, बी-बारा, ताकदीची पावडर, गुडघ्याची पुडी. घेणाऱ्या बहुतेक पंचेचाळिशीपुढच्या. कशासाठी घेता, तर ‘अंगात ताकद नाही.’

ही ताकद गेली कुठं? दिवसभर रानात राबायचं, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं. पाळीत जास्त जातं, तेही अंगावरच काढायचं. काहींची पिशवी तिशीतच काढलेली. बीडच्या ऊसतोड बायांचा हाच प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर हाडांची झीज लवकर सुरू होते.

आता सरकारी हिशेब बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पण मोजल्या त्या १५ ते ४९ वयाच्या. २०१८ च्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात लोहाची गोळी मुलांना, किशोरवयीनांना, मूल होण्याच्या वयातल्या, गरोदर आणि पाजणाऱ्या बायांना. मूल होण्याचं वय सरलं की बाई यादीतून बाद! सरकारनं सोडलेल्या या बाईला मग बाजार बरोबर हेरतो.

पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं २०१६ च्या नियमांनी सक्तीचं केलं. ते बहुधा इंग्रजीत असतं. आपल्यातल्या किती जणींना ते वाचता येतं?

गोळ्या टाकून द्या, असं मी म्हणत नाही. रक्त कमी असेल तर लोह हवंच. पण ते चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतलं तर अंगी कमी लागतं. थायरॉइडची गोळी आणि या गोळ्या यांत चार तासांचं अंतर ठेवा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-बारा तपासून घ्या. बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड असू शकतं. त्यानं लगेच आराम पडतो, पण पुढं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ताकदीच्या गोळीवर थांबू नका, तपासणी करा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा पन्नाशीपुढच्या दहा-दहा जणींनी मिळून जावं आणि रक्त तपासून मागावं. घरी तिळाची, जवसाची चटणी सासूच्या ताटात पडू दे, तशी सुनेच्याही पडू दे. आणि प्रत्येक गटानं ग्रामसभेत ठराव मांडावा: पन्नाशीपुढच्या बाईचंही रक्त मोजा, तिलाही गोळी द्या.

पाळी असो वा नसो, बाई माणूस आहे. तिची मोजदाद झालीच पाहिजे!