अन्नपूर्णांना मिळालेला मान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)

पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो. नाशिक रोडला हे निराळे सांगावयास नको. १९२५ साली येथे सरकारी मुद्रणालय आले आणि त्यामागोमाग परगावची माणसेही आली.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांचा हा प्रश्न सोडविला तो त्यांच्यासारख्याच परगावाहून आलेल्या स्त्रियांनी. चाळीतील एका खोलीत त्या खानावळ चालवीत. पाळीप्रमाणे कामगार जेवून जात. पैसे मात्र पगार झाल्यावर मिळत. व्यापारात हयात घालविलेल्या श्रोत्यांना हे गणित चटकन उमजेल. धान्य आज घ्यावयाचे आणि वसुली महिन्याने! मधल्या दिवसांसाठी सावकाराचे दार. व्याजात दागिने आणि प्रसंगी घरातली भांडीही जात. एवढे करून या बाईचा हिशेब कोणी उद्योगात धरीत नसे; 'स्वयंपाक करते' एवढीच तिची ओळख.

गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव मुंबईत गिरणी कामगारांच्या संघटनेत काम करीत होत्या. संप झाला की कामगाराचा पगार थांबे, पण खानावळवालीची चूल थांबत नसे; उधारी तेवढी वाढे. हे त्यांनी जवळून पाहिले. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून दुर्बल घटकांना शेकडा ४ दराने कर्ज देण्याची योजनाही होती. पण तारण काय, जामीन कोण? प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बायकांनी एकमेकींसाठी उभे राहावयाचे ठरविले. बँकेच्या पायऱ्या प्रथमच चढणाऱ्या त्या मोजक्या बायकांना कर्ज मिळाले, आणि त्यांनी ते फेडले. बांगलादेशात महंमद युनूस यांनी असाच प्रयोग आरंभिला तो १९७६ मध्ये; त्याची जगभर वाहवा झाली. मुंबईच्या प्रयोगाची आठवण मात्र महाराष्ट्रातही फारशी निघत नाही, हे खटकते.

खरी कसोटी पुढेच होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुष्कळ जण गावी परतले, कित्येक पुन्हा आलेच नाहीत. ज्यांच्या ताटावर खानावळ चाले, तेच उठून गेले. मंडळाने तेव्हा कार्यालयांना डबे व भोजन पुरविण्याकडे लक्ष वळविले. नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वाशी येथे वसतिगृह उभारले.

२००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री जाहीर झाली. सन्मानपत्रावर नाव एकीचे असते; त्यामागे पीठ मळणारे हात हजारोंचे होते. पण त्यांना मिळालेला पहिला मान त्याहून सत्तावीस वर्षे जुना आणि अगदी साधा होता. सावकाराच्या वहीत कूळ म्हणून लिहिले जाणारे नाव बँकेच्या खातेवहीत खातेदार म्हणून लिहिले गेले.

त्यांच्या कन्या मेधा पुरव सामंत यांनी १९९३ मध्ये पुण्याच्या वस्त्यांतून हेच काम सुरू केले.