रूथचा सरवा

(व्यापारी, जमीनदार व इतर दात्यांच्या सभेपुढे सोलापूर येथे केलेले भाषण)



दुष्काळनिवारणाच्या सभेत धान्याचा भाव, वैरणीची तरतूद व वर्गणीचा आकडा यांचा विचार प्रथम व्हावा हे रास्तच आहे. तथापि मदत किती द्यावी याइतकाच ती कशी द्यावी हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर यहुदी व ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातील रूथ नामक विधवेच्या आख्यानात आम्हांस आढळले. ते अवघ्या ४ अध्यायांचे असून त्याचा आरंभच दुष्काळाने होतो. तेव्हा या जिल्ह्यातील श्रोत्यांस ते परके वाटणार नाही.

बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. त्या गावी एकदा दुष्काळ पडला, तेव्हा अलीमलेख नावाचा गृहस्थ पत्नी नामी व दोन मुलगे यांसह मवाब देशी जगावयास गेला. तेथे तो वारला. मुलांनी त्या देशाच्या मुली केल्या. पण सुमारे १० वर्षांत तेही निवर्तले. घरात तीन विधवा उरल्या. स्वदेशी सुकाळ झाल्याचे ऐकून नामी परत निघाली आणि सुनांस म्हणाली, आपापल्या माहेरी जा, माझ्यापाशी तुम्हांस देण्याजोगे काही नाही. थोरलीधाकटी दोघीही रडल्या. एक परतली, रूथ मात्र सासूस सोडून जाईना. पुढे परका देश होता, वैऱ्यासारखी मानलेली आपली जात होती, आणि पदरी म्हातारी होती. हे सर्व जाणून तिने पाऊल उचलले, यातच तिचे धैर्य दिसते.

तिची श्रद्धाही ध्यानात घेण्यासारखी आहे. तिच्यासाठी आकाशातून धान्य पडले नाही. गावी पोहोचल्या तेव्हा सातूची सुगी लागली होती. सासूची परवानगी घेऊन ती दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचावयास गेली. देवावर भरवसा ठेवणे आणि कमरेला पदर खोचून कामास लागणे या दोन गोष्टी तिने वेगळ्या मानल्या नाहीत.

सरवा म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्यांस सांगावयास नको. कापणीनंतर रानात राहिलेली कणसे गरिबांनी वेचून न्यावी, हा व्यवहार आपल्याकडेही जुना आहे. यहुद्यांच्या शास्त्रात तर तसा स्पष्ट नियमच होता: शेताचे कोपरे कापून नेऊ नयेत, विसरलेली पेंढी आणावयास परत फिरू नये, ती परदेशी, पोरके व विधवा यांची होय. म्हणजे रूथ शेतात गेली ती भीक मागावयास नव्हे, शास्त्राने दिलेला हक्क घ्यावयास गेली.

आता त्या शेताच्या धन्याकडे पाहू. बवाज हा मोठा जमीनदार. त्याने तिची विचारपूस केली, तिला कोणी त्रास देऊ नये अशी गड्यांस ताकीद दिली, जेवणाच्या वेळी आपल्या माणसांबरोबर बसवून भाजलेले धान्य दिले. मग गड्यांस सांगून ठेवले की, पेंढ्यांतून थोडे मुद्दाम गळू द्या आणि तिला टोकू नका. सायंकाळी तिने झोडून पाहिले, तो सुमारे एक एफा सातू भरले. आपण दिले हे धन्याने तिला जाणवू दिले नाही, आणि आपण कष्टाने मिळविले हे समाधान तिचे तिला राहिले. दुपारच्या घासांतला उरलेला भागही तिने सासूसाठी राखून नेला होता.

आमच्या मते दुष्काळनिवारणाचे सर्व शास्त्र या एका आज्ञेत आले आहे. आपल्या जिल्ह्याचा अनुभवही हेच सांगतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे लुटविली, ही कथा येथे घरोघरी सांगतात. तेथे देणाऱ्याचे धैर्य दिसते. १८७६-७७ च्या दुष्काळी कामांतून आष्टीचा तलाव उभारणीस लागला. पुढच्या दुष्काळांत सोलापूरच्या विणकरांस खडी फोडावयास न लावता त्यांच्याच मागावर काम द्यावे, हा विचार पुढे आला. ज्या हातास धोट्याची सवय, त्यास हातोडा दिल्याने मजुरीही बुडते आणि हातही बिघडतो. १९७२-७३ च्या भीषण अवर्षणात लक्षावधी स्त्रीपुरुष कामांवर आले. आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने या राज्यात ग्रामीण भागातील काम मागणाराचा हक्क मान्य झाला. रूथच्या शेतातील जुना नियमच जणू कायद्याच्या पुस्तकात आला.

मदत घेणारा नेहमी घेणाराच राहतो असे कोणी समजू नये. पंडिता रमाबाईंचे आईवडील व बहीण अन्नान्नदशेत गेली. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया वाचवून आणल्या, आणि पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांस अन्न, विद्या व हुन्नर दिले. मूळ भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. रूथचे आख्यान त्यात अर्थातच आहे. रूथही पुढे बवाजाची पत्नी झाली व दावीद राजाची पणजी ठरली. आज सरवा वेचणारीच्या ओटीत उद्याचे काय आहे, हे कोणास ठाऊक?

म्हणून आमचे मागणे असे. जमीनदारांनी बांधबंदिस्ती, विहिरीतील गाळ काढणे अशी कामे टंचाईच्या वर्षीच काढावी, व कडब्याची एक गंजी गावच्या जनावरांसाठी राखावी. व्यापाऱ्यांनी धान्य खरेदीच्या भावाने व सूत उधारीने द्यावे. दात्यांनी रोकड द्यावी; ती होईल तेथवर मजुरीच्या रूपाने, आणि वृद्ध, आजारी व बाळंतिणींस घरपोच शिध्याच्या रूपाने जावी. अहवालात देणाऱ्यांची नावे छापावी. घेणाऱ्यांची कदापि छापू नयेत. अब्रूदार कुटुंबे उपाशी राहतात, पण रांगेत येत नाहीत. त्यांच्या वाटेवर पेंढी गळू द्यावी, आणि उचलताना कोणी टोकू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.