दाब आणि प्रवाह

एका पावसाळ्यात अंगणात कपडे वाळत घालताना अम्मीला शॉक बसला. वाळणीची लोखंडी तार एका सोललेल्या वायरला टेकली होती. हात सुटला, म्हणून अम्मी वाचली. सावरल्यावर तिनं विचारलं, "किती व्होल्टचा होता रे?" बी. ए. झालेला मी गप्प!

आमच्या वायरमननं मग मला गच्चीवरची टाकी दाखवली. टाकी जितकी उंच, तितका खाली पाण्याला दाब. तसंच व्होल्टेज. नळ बंद असला तरी दाब असतोच. नळ सोडल्यावर दर सेकंदाला वाहतं ते पाणी म्हणजे करंट. नळी बारीक असली तर दाब तोच, पण पाणी कमी, हा रोध. व्होल्टला रोधानं भागलं की अँपिअर मिळतात. जर्मनीच्या गेओर्ग ओहमनं १८२७ साली हे ग्रंथात मांडलं.

घरातला दाब २३० व्होल्ट. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम, भिजली की तो फार घटतो. हजार ओहम धरला तर अंगातून ०.२३ अँपिअर जाणार. जिवावर बेतायला याहून कितीतरी कमी पुरतो! उलट मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी स्टार्टरला शेकडो अँपिअर देते, पण कोरड्या हाताला जाणवतही नाही, दाबच तोकडा. लोक 'करंट लागला' म्हणतात. मी त्यांना हसायचो, पण बोली बरोबर निघाली.

अम्मीला सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे माझे हात ओले होते, म्हणून." आता अंगणात नायलॉनची दोरी आहे आणि मीटरजवळ ०.०३ अँपिअरच्या गळतीलाच वीज तोडणारा स्विच.