दोन नद्यांच्या तालुक्यात आपलं स्वागत



रोगप्रतिकारशास्त्राची परिषद आणि तीही गोंडपिपरीत? चंद्रपूरच्या मित्रांनी पत्रिका पाहून विचारलं, छपाईची चूक तर नाही ना? नाही. आमच्या तालुक्याच्या दक्षिण टोकाला वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि प्राणहिता होऊन सिरोंच्याकडे निघतात. पलीकडे तेलंगणा. धाबा गावी संत कोंडय्या महाराजांच्या यात्रेत मराठी आणि तेलुगू एकाच रांगेत उभ्या असतात. हा गोंड राजांचा मुलूख. इंग्रजांवर उठलेल्या बाबूराव शेडमाक्यांना १८५८ साली चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी झाली. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण सचिव घड्याळ दाखवताहेत.

तरी आनंदवनाबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आनंदवनाचं वरोरा आमच्याच जिल्ह्यातलं. १९४९ साली बाबा आमटे सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये घेऊन तिथल्या माळरानावर गेले, हे शाळेतली पोरंही सांगतात. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, म्हणून कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये बाबांनी तो स्वतःच्या अंगात टोचून घेतला. जंतू रुजला नाही; का रुजला नाही, हा रोगप्रतिकारशास्त्राचाच प्रश्न. माझ्या मते या परिषदेचं उद्घाटन तेव्हाच झालं!

आणि मनोहरजी दिवाण? १९३६ पासून वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवा करणाऱ्या या माणसाचं नाव किती जणांना माहीत आहे? वर्धा नदी त्यांच्या जिल्ह्याच्या हद्दीवरून आमच्याकडे येते, म्हणून त्यांनाही मी आमचेच धरतो.

शास्त्रातलं मला डॉक्टरांनी समजावलं ते एवढंच. कुष्ठात नस निकामी होते ती बऱ्याचदा आपल्याच प्रतिकारशक्तीच्या माऱ्याने. २०२५च्या जानेवारीत पुण्यात गुलेन बॅरी या आजाराची साथ आली, तेव्हाही पोटातल्या जंतूशी लढताना शरीर स्वतःच्या नसांवर उलटलं. गरोदरपणी बाळाला सांभाळून घेण्यासाठी हीच प्रतिकारशक्ती आपली चाल बदलते. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटण्याचा आणखी एक आजार, असलेल्या बाईला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आराम पडतो आणि बाळंतपणानंतर तीन महिने दुखणं उसळतं. युरोपातल्या अभ्यासाने १९९८ साली हे दाखवलं. कुष्ठातही नस सुजण्याची भीती बाळंतपणानंतर वाढते. आमच्याकडे मात्र बाळंतिणीच्या हातापायाला मुंग्या आल्या, तर अशक्तपणा म्हणून शेक-शेगडीवर भागवतात.

आता व्यवस्थेबद्दल. इथे मोठी हॉटेलं नाहीत. काही पाहुण्यांची सोय वसतिगृहात केली आहे. खाटा आखूड आहेत, उंच मंडळींनी सांभाळून घ्यावं. वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो आवाज करतो. मंडप आणि माईक झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीचे आहेत, त्यामुळे स्लाइडपेक्षा वक्त्यावर उजेड जास्त पडेल. तांदूळ देणारे राइस मिलवाले, मच्छरदाण्या पुरवणारे व्यापारी, स्वयंपाक उचलून धरणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, गाड्या देणारे तरुण, वर्गखोल्या मोकळ्या करणारे मुख्याध्यापक, या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, तर त्यांनी रुसावं, पण जेवून जावं.

पाहुण्यांकडे एकच मागणं. उद्या दुपारी तालुक्यातल्या आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, इथे येतील. त्यांना तासभर द्या. नस हाताने कशी तपासायची आणि बाळंतिणीला काय विचारायचं, ते मराठीत, समोर बसून शिकवा.