कपाशीच्या पेशीतील चाती

रामाकोन्याच्या शेतकऱ्याला कपाशी नवी नाही. देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. अमेरिकन कपाशीत ५२. पेशी दुभंगताना तीत चरख्याच्या चातीच्या आकाराचा, तंतूंचा तर्कू उभा राहतो. दुहेरी झालेली सूत्रे मध्यावर येतात व तंतू त्यांचे समान वाटे दोन्ही टोकांकडे ओढून नेतात.

या दोहोंच्या संकरात मात्र ३९ सूत्रे येतात. बीजपेशी घडताना त्यांतील सुमारे १३ सूत्रांना जोडीदारच मिळत नाही. ती भरकटतात, आणि झाड बहुधा वांझ निघते. एवढी मेहनत, अन् सरकी नाही!

उपाय निघाला तो विषातून. आपल्या कळलावीतही असणारे कॉल्चिसिन सूत्रसंख्या दुप्पट करते, हे १९३७ साली दिसून आले. ते तर्कूच बनू देत नाही. ओढणारे तंतू नसल्याने सूत्रे एकाच पेशीत राहून ७८ होतात, प्रत्येकाला जोडीदार लाभतो, आणि वांझ झाडाच्या बोंडात सरकी धरू शकते.