झाडांचे भाडे



वर्धापनदिनी चार शब्द बोला असे मला सांगितले, तेव्हा केट सेशन्स या अमेरिकन बाईंची हकीकत सांगावी असे मनात आले.

त्यांचा जन्म १८५७ सालचा. शास्त्र विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो गावी शिक्षिका म्हणून आल्या. पण लवकरच शाळा सोडून त्यांनी रोपांचा धंदा मांडला.

गावाने १८६८ साली सुमारे १४०० एकर जमीन बागेसाठी राखून ठेवली होती. बाग आपली नावाला. सारा उघडा माळ, पाऊसही बेताचा. १८९२ साली केटबाईंनी तिथली ३० एकर जागा रोपवाटिकेसाठी मागितली. भाडे काय ठरले म्हणाल? दरसाल बागेत १०० झाडे लावायची आणि गावासाठी आणखी ३०० द्यायची! रोख भाडे असते तर केव्हाच खर्चून गेले असते, असे माझे आपले मत.

कमी पाण्यावर जगणारी झाडे त्यांनी दूरदूरहून मिळविली. आपण ज्याला नीलमोहर म्हणतो, तो त्या गावात पसरला तो त्यांच्याच खटपटीने. १९३९ साली त्यांना मेयर पदक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. त्या माळाला आता बाल्बोआ पार्क म्हणतात. त्यांच्या वेळची काही झाडे तिथे अजून उभी आहेत.

आपण गेल्या पावसाळ्यात अकरा रोपे लावली, त्यांतली चार उरली आहेत. उद्या सकाळी त्यांना पाणी घालायची पाळी माझी आहे.