मतदारसंघ एक, मनें विभक्त

अकोल्यास स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं बार्शीटाकळीस माझ्या घरीं आला. नगरसेवकपदासाठीं उभें राहण्याचा त्याचा विचार होता. त्याच्या हातीं प्रभागाची मतदारयादी होती आणि तीवर तीन रंगांच्या पेन्सिलींनीं खुणा केलेल्या होत्या. “गुरुजी, आपलीं घरें इतकीं, त्यांचीं इतकीं, उरलेलीं फुटलीं कीं काम झालें,” असा हिशेब त्यानें मोठ्या उत्साहानें मांडला. नळ, गटार, दवाखाना यांपैकीं एकाचाहि उल्लेख त्यांत नव्हता. बेरीज-वजाबाकी त्याला मींच शिकविली होती, याचें त्या क्षणीं मला वाईट वाटलें.

हें गणित नवें नाहीं. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनीं मुसलमानांसाठीं विभक्त मतदारसंघ निर्माण केले व १९१६ च्या लखनौ करारानें काँग्रेसनेंहि ते पत्करले. शेजाऱ्याचें मत मागावयाचेंच नसलें म्हणजे त्याची मर्जी राखण्याचें प्रयोजन उरत नाहीं, हा त्या व्यवस्थेचा मुख्य दोष होय. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें ती मोडली. ३२५ व्या कलमानें सर्वांस मिळून एकच मतदारयादी ठरवून दिली. कायद्यानें पुसलेली ती रेघ आपण मात्र पेन्सिलीनें पुन्हां ओढीत बसलों आहों.

अशा दुराव्याची किंमत अकोल्यानें मोजलेली आहे. १३ मे २०२३ रोजीं रात्रीं जुन्या शहरांत समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली. दगडफेक व जाळपोळ झाली, एक माणूस प्राणास मुकला, पोलीसहि जखमी झाले आणि जमावबंदी पुकारावी लागली. एका मजकुरानें एवढा भडका उडतो, तो मनांत संशय आधींपासून सांठलेला असतो म्हणून. आणि घरें मोजण्याचा हा प्रकार तो संशय दर निवडणुकीस वाढवितो, असें माझें मत आहे.

वास्तविक अकोलेकरांचें सुखदुःख एकच आहे. त्यांस पाणी मिळतें तें आमच्या बार्शीटाकळी तालुक्यांतील महान येथील काटेपूर्णा धरणाचें. धरण आटलें म्हणजे मोर्णेच्या पश्चिमेस जुन्या शहरांत काय आणि पूर्वेस ताजनापेठेंत काय, हिंदूची व मुसलमानाची घागर सारखीच रिकामी राहते.

म्हणून मीं त्या विद्यार्थ्यास एवढेंच विचारलें, “जें भाषण तूं आपल्या आळींत करशील, तेंच शेजारच्या मोहल्ल्यांत करशील काय?” तो कांहीं वेळ स्वस्थ बसला. मग यादीची घडी करून त्यानें ती खिशांत घातली आणि “पाहतों, गुरुजी,” असें म्हणून माझा निरोप घेतला.

श्रोतेहो, तुमच्या दारींहि कोणी मत मागावयास येईल. त्याचा पक्ष कोणताहि असो, त्याला हा प्रश्न अवश्य विचारा, एवढीच माझी विनंती आहे.